१९३० हा आकडा फोनमध्येही हवा : फोनवरची फसवणूक कशी ओळखावी, पैसे गेल्यास काय करावे

१९३० हे साल नाशिक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याला पाठ करावे लागत नाही. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे आपल्याकडे शाळेतले मूलही सांगते. योगायोग असा की फोन, ओटीपी किंवा यूपीआयमधून पैसे गेले तर ज्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, तो क्रमांकही १९३० च आहे. आधी तो १५५२६० होता आणि लक्षात राहायला अवघड होता. आता निदान आपल्याला तरी विसरायला सबब उरलेली नाही.

साल माहीत असणे वेगळे आणि पैसे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो नंबर फिरवणे वेगळे. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचे पैसे. लाजेपोटी घरातच दाबून टाकलेले दीड-दोन हजार यात धरलेले नाहीत.

पेठ तालुका नाशिकच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून. वस्ती बहुतांश आदिवासी, बौद्ध घरे थोडी. पण चळवळीत काम करणारा तरुण गावात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतो, आजीचा निराधार योजनेचा अर्ज करून देतो, म्हणून विचित्र फोन आला की माणसे आधी त्यालाच विचारतात. भाताचे काम उरकले की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या मजुरीला जातात. घरी म्हातारी माणसे आणि साधा मोबाइल. मजुरी, पेन्शन, योजनेचा हप्ता, सगळे आता खात्यात जमा होते आणि त्याची खबर फोनवर येते. त्यामुळे खोटी खबरही फोनवरच येते. ही माहिती मुख्यतः त्या फॉर्म भरून देणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

फोनवरचा माणूस कोणाचा आवाज घेतो

फसवणाऱ्याला कॉम्प्युटरचे फार मोठे ज्ञान असते असा एक समज आहे. बहुतेक वेळा त्याला ते लागतच नाही. तो साहेबाचा आवाज उसना घेतो, एवढेच. कधी बँकेचा साहेब, कधी तहसील कचेरीतला, कधी वीज कंपनीचा, कधी पोलीस. ज्या माणसांनी आयुष्यभर कचेरीच्या दारात ताटकळत काढले, त्यांना साहेबाचा आवाज ऐकून 'तुम्ही कोण?' असे उलट विचारायची सवय नसते. चोर नेमके हेच ओळखून असतो. फसला तो अडाणी म्हणून फसला, असे म्हणणे म्हणूनच चूक आहे. निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, कारखानदारही याच आवाजाला फसले आहेत.

आवाज कोणताही असो, फोनचा क्रम ठरलेला असतो. आधी भीती किंवा लालूच: 'ताई, तुमचा हप्ता अडकलाय', 'आज रात्री वीज तोडणार', 'तुमच्या नावाने पार्सल पकडलंय'. मग घाई: 'पाच मिनिटांत केलं नाही तर खातं बंद.' मग एकटे पाडणे: 'फोन ठेवू नका, कोणाला सांगू नका.' आणि शेवटी एक छोटेसे काम: एक आकडा सांगा, एक फाइल उघडा, एक कोड स्कॅन करा. घाई आणि 'कोणाला सांगू नका' या दोन गोष्टी एकाच फोनमध्ये आल्या की पुढचे ऐकायचे कारण नाही. फोन ठेवावा आणि ज्या कचेरीचे नाव सांगितले तिथे स्वतः जावे, किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरवर आपण फोन करावा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर लावू नये. तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात.

नंबर पाहून थोडा अंदाज येतो. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका दिलेली आहे, जाहिरातीसाठी १४० ची. बँकेचा एसएमएस दहा अंकी मोबाइल नंबरावरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. मात्र व्हॉट्सअॅपवर पोलिसाचा फोटो किंवा बँकेचे चिन्ह कोणीही लावू शकतो, त्याला काडीची किंमत देऊ नये.

'ओटीपी कोणालाही देऊ नका' हे अर्धेच सांगणे आहे

प्रत्येक बँक हे वाक्य सांगते आणि ते खरे आहे. पण गावात ते पटत नाही, कारण गावातल्या बाईला ओटीपी द्यावाच लागतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिन्याला १,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. त्यात आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो भरावा लागतो. वर पती किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागतो. सेवा केंद्रात रांग, सर्व्हर बंद, आणि पाड्यावर रेंज नाही म्हणून ओटीपी यायलाच उशीर. त्याच काळात योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळेही निघाली. अशा वेळी 'ताई, तुमची केवायसी इथूनच करून देतो, आलेला नंबर सांगा' असा फोन आला तर तो देवासारखा वाटणार नाही तर काय?

म्हणून सांगताना फरक करून सांगावा. काम आपण स्वतः सुरू केले असेल, आपण समोर बसलो असू, आणि त्या कामाचाच ओटीपी आला असेल, तर तो आपल्या डोळ्यांसमोर सरकारी संकेतस्थळावर भरला जातो. पण फोन समोरून आला असेल तर कारण कोणतेही असले तरी आकडा सांगायचा नाही. सरकारी कचेरी फोन करून ओटीपी मागत नाही. हप्ता अडकला असेल तर तो अंगणवाडीत, ग्रामपंचायतीत किंवा पेठच्या कार्यालयात विचारून सुटतो, फोनवर सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मुलांनी नक्की करावी. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचावा. तो बहुधा इंग्रजीत असतो, त्यामुळे आजी फक्त आकडे वाचून दाखवते. पण त्याच मेसेजात तो कशासाठी आहे हे लिहिलेले असते: आधार पडताळणीसाठी, की खात्यातून अमुक रक्कम काढण्यासाठी. 'केवायसी' म्हणून मागितलेल्या ओटीपीच्या वर रक्कम लिहिलेली असेल, तर खेळ तिथेच उघडा पडतो.

महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीचेही असेच. रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात थेट येते. ती 'सोडवून' घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही की प्रक्रिया शुल्क भरावे लागत नाही. यूपीआयचा तर साधा नियम आहे: पैसे घेताना पिन लागत नाही. घेताना पिन टाकायला सांगणारा तुमच्याकडून घेतोच आहे. 'चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत करा' असा रडका फोन आला तर आधी खात्यातली शिल्लक पाहावी, मेसेजवर विसंबू नये. पैसे खरोखर आलेले असतील तर बँकेला कळवावे, त्या माणसाला परस्पर पाठवू नयेत.

पोलीस बोलतोय

'डिजिटल अटक' हा प्रकार वरकरणी शहरातल्या पैसेवाल्यांचा वाटतो. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका महिलेकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशाच रीतीने वीस कोटींहून अधिक रुपये काढले गेले. आधारचा गैरवापर झाला, मुलीलाही गोवू, अशी धमकी होती. ती खोलीतच बसून असते, कोणाशी तरी फोनवर ओरडून बोलते, हे आधी लक्षात आले ते घरकाम करणाऱ्या बाईच्या, आणि तिने ते मुलीला सांगितले. घरातले बदललेले वागणे पाहणारी माणसे अशी असतात.

कार्यकर्त्यांनी हा प्रकार दुसऱ्याचा समजू नये. ज्याच्या अंगावर आंदोलनाची एखादी केस आहे, त्याला 'तुमच्या नंबरवरून देशविरोधी मजकूर गेला आहे' असा फोन आला तर तो चटकन खरा वाटतो. पण खरा पोलीस कसा येतो हेही आपल्याइतके कोणाला माहीत असणार? पोलीस ठाण्यातून बोलावणे येते, कागद हातात पडतो, वकील गाठता येतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे की आरोपीला हजर राहण्याची फौजदारी कायद्यातली नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावता येणार नाही. 'डिजिटल अटक' हा शब्द तर भारतीय कायद्यात कुठेच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करता येत नाही, आणि चौकशीसाठी पैसे 'सुरक्षित खात्यात' ठेवायला कोणतीही यंत्रणा सांगत नाही. १ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा देशभराचा तपास सीबीआयकडे दिला.

लग्नपत्रिका आली, उघडू नका

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका दिसत होती ती फाइल उघडली आणि खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती, एपीके होती. एपीके म्हणजे अॅपच. ते फोनमध्ये बसले की येणारे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, चोराला दिसू शकतात. तुम्ही काहीही न सांगता पैसे जातात. आरटीओचे चलान, पीएम किसानची यादी, बँकेची केवायसी, गॅसची सबसिडी अशा नावांनी याच फाइली फिरतात. नावाच्या शेवटी एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे दिसली की ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी उघडू नये. त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो. विहाराच्या किंवा जयंती समितीच्या ग्रुपवर अशी फाइल पडली तर अॅडमिनने ती लगेच काढून टाकावी आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगावे.

उघडलीच असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते रोखावे, मग ते अॅप काढावे. 'मदतीसाठी' म्हणून एनीडेस्कसारखे स्क्रीन दाखवणारे अॅप घ्यायला सांगणाऱ्यालाही इथेच मोजावे.

आपली मुले दुसऱ्या बाजूला

हा भाग लिहायला नको वाटतो, पण तोच जास्त गरजेचा आहे. फसवणुकीचे पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो गरजू मुलाचे खाते भाड्याने घेतो. 'तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला पाच हजार देतो', 'खात्यात पैसे येतील, तू काढून दे, दोन टक्के तुझे' अशी ती बोली असते. नाशिकला खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, मेसचे पैसे थकलेल्या मुलाला हे पाप वाटत नाही. त्याने तर कोणाला फोनही केलेला नसतो. पण पोलीस पैशांच्या मागावर निघतात तेव्हा पहिला सापडतो तो खातेदार. खाते गोठते, त्यातच शिष्यवृत्तीही अडकते, दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस येते आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसतो. आपल्या कागदपत्रांवर काढलेले सिम दुसऱ्याला वापरायला देणेही तसेच अंगाशी येते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे केंद्राच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते, नको असलेले तिथूनच कळवता येते. संशयास्पद फोन आणि मेसेजची खबर देण्यासाठी तिथेच 'चक्षु' ही सोय आहे.

इगतपुरी म्हटले की आपल्याला विपश्यना केंद्र आठवते. त्याच इगतपुरीत एका भाड्याच्या रिसॉर्टमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने बनावट कॉल सेंटर पकडले. अॅमेझॉनच्या मदत केंद्रातून बोलतो असे सांगून तिथून अमेरिका, कॅनडातल्या लोकांना फोन जात होते. छाप्याच्या वेळी साठेक जण कामावर होते. टेलिकॉलरच्या नोकरीची जाहिरात आली की पगार किती याच्या आधी फोनवर बोलायचे काय, हे विचारावे. स्वतःचे नाव बदलून बोलायला सांगत असतील तर तिथून उठावे.

त्याहून वाईट सापळा परदेशात आहे. थायलंड हा आपल्याला आपलासा वाटणारा देश, आणि 'बँकॉकला डेटा एंट्री, राहणे-खाणे फुकट' अशा फोनवर विश्वास बसतो. तिथे उतरलेल्या मुलांना सीमेवरच्या माए सोतमधून नदीपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेले जाते, पासपोर्ट काढून घेतला जातो आणि मारहाण करून फसवणुकीचेच फोन करायला लावले जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून परत आणले. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबरने साठहून अधिक जणांची सुटका केल्याचे जाहीर केले. परदेशातल्या नोकरीचा दलाल सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे पाहावे. पर्यटक म्हणून जा, तिथे व्हिसा बदलू, असे म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये.

घरबसल्या कामाचे आमिष तर सगळ्यांच्या ओळखीचे: हॉटेलांना रेटिंग द्या, व्हिडिओ लाइक करा. पहिल्या दिवशी खरोखर दोनशे रुपये येतात. चौथ्या दिवशी 'मोठा टास्क' म्हणून भरायला लावतात. रात्रीच्या अनोळखी व्हिडिओ कॉलवर रेकॉर्डिंग करून बदनामीची धमकी देणारे वेगळेच. त्यात अडकलेल्या मुलाने एकही पैसा देऊ नये, कारण दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नये, एका विश्वासाच्या माणसाला सांगावे आणि १९३० वर तक्रार करावी. मन फार खचले तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मोफत क्रमांक आहे. अशा मुलाची चेष्टा करणारे मित्र ग्रुपमध्ये असतील तर त्यांना थोरामोठ्यांनी वेळीच गप्प करावे.

पैसे गेले, आता

पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात काही मिनिटांत फिरतात. ते एटीएममधून निघण्याआधी अडवायचे असतात, म्हणून पहिला तास महत्त्वाचा. पाड्यावर रेंज नसते, मेसेज उशिरा येतो, म्हणजे आपल्याकडे हा तास मुळातच अपुरा मिळतो. त्यात 'उद्या बँक उघडली की बघू' म्हणणे परवडत नाही. कोणाच्याही फोनवरून १९३० लावावा. गेलेली रक्कम, तारीख-वेळ, आपली बँक आणि खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, आणि पैसे ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर गेले तो तपशील विचारला जातो. व्यवहाराचा क्रमांक यूपीआय अॅपच्या इतिहासात किंवा बँकेच्या मेसेजमध्ये असतो, तो आधीच शोधून ठेवावा. लाइन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरावी. सोबतच बँकेच्या मदत क्रमांकावर कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्यावे.

बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात तीन कामकाजी दिवसांत कळवले तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतर जो व्यवहार होईल तो बँकेच्या अंगावर. म्हणून लेखी अर्जाची पोच घ्यावी. शाखेत 'तुम्हीच दिलात ना ओटीपी' म्हणून हाकलून दिले तरी पोच मागायचीच. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, त्यासाठीचा माहिती क्रमांक १४४४८.

बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे आधारचे बोटांचे ठसे एमआधार अॅपमधून लॉक करता येतात. मात्र लॉक केल्यावर रेशन आणि पेन्शनच्या अंगठ्यालाही अडचण येते, म्हणून उघडून देणारे कोणी जवळ असेल तरच करावे. नाहीतर अंगठा लावल्यावर दर वेळी पावती मागावी. 'लागला नाही, पुन्हा लावा' म्हटले तर पुन्हा लावण्याआधी शिल्लक विचारावी.

१९३० वर बोलल्यानंतर तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो फोनमध्ये नव्हे, वहीत लिहावा, कारण फोन पुढे तपासासाठी द्यावा लागू शकतो. मेसेज, कॉल लॉग, चॅट काहीही पुसू नये, त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. मग ती वही, पासबुक, आधार आणि बँकेची पोच घेऊन पेठ पोलीस ठाण्यात जावे. रक्कम मोठी असेल तर नाशिक ग्रामीणच्या सायबर पोलिसांकडे जावे. अडवून ठेवलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, दोन-तीन खेपा होतात. म्हाताऱ्या माणसाला एकटे पाठवू नये. सोबत जाणाऱ्याने सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स पेठहूनच काढून न्याव्यात.